किंक्रांतीचं मतदान

यंदा महापालिकेचं मतदान किंक्रांतीला आलं. करिदिनाला कोणी शुभकार्य काढत नाही. आत्याचं म्हणणं, नऊ वर्षांनी येणाऱ्या गोष्टीला मुहूर्त बघत बसू नये. १५ जानेवारी २०२६ ला सकाळी अकराच्या सुमाराला ती केंद्रावरून थेट आमच्याकडे आली. बोटावर मार्करनं ओढलेली काळी रेघ, हातात तिळगुळाचा डबा आणि चेहऱ्यावर भांडणाची पूर्ण तयारी.

भांडण बाबांशी. दोघं सख्खी भावंडं. बाबांनी सगळी नोकरी राज्याच्या नगररचना खात्यात काढली. लहानमोठ्या गावांचे विकास आराखडे केले, आणि निवृत्त झाल्यापासून कुठल्याही गावी गेले की आधी रस्त्याची रुंदी पावलांनी मोजतात. आत्या १९९७ ते २००२ अशी एक टर्म पुण्यात नगरसेविका होती. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग झाला आणि ती पडली. पुन्हा उभी राहिली नाही. पण नळाला पाणी आलं नाही की जुन्या वॉर्डातली माणसं अजून तिलाच फोन करतात. त्यांच्या लेखी ती अजून नगरसेविकाच आहे. गेली चार वर्षं तर त्यांचं फारसं चुकतही नव्हतं, कारण दुसरं कोणी नव्हतंच.

"चार बटणं दाबली," ती बसता बसता म्हणाली. "त्यातल्या दोन गटांतली नावं मला यंत्रासमोर उभी राहिल्यावर कळली. मला, दादा! सामान्य माणसाचं काय होत असेल?"

"सामान्य माणूस चिन्ह बघतो आणि घरी येतो," बाबा म्हणाले. "तू विचार करत उभी राहिलीस म्हणून मागे रांग लागली असेल."

"१९९७ ला एक वॉर्ड, एक माणूस. २००२ ला तीन, २००७ ला पुन्हा एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार आणि आता पुन्हा चार. एका प्रभागात तर पाच. एवढ्या वेळा तर आमच्या सोसायटीनं पाण्याची मोटर बदललेली नाही. तुंबलेल्या गटारासाठी चौघांपैकी कोणाला धरायचं? प्रत्येक जण म्हणणार, तो भाग त्यांच्याकडे."

बाबांनी गुळाची पोळी मोडली. तुपाची वाटी पुढे ओढली. ते सावकाश बोलायला लागले की समजायचं, मुद्दा मोठा आहे.

"हे बघ, शहराच्या कारभाराची तब्येत मतदानाच्या रांगेवरून कळत नाही. ती मोजायच्या पद्धती आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं राहण्याजोग्या शहरांची यादी काढली. १११ शहरांत पुणं पहिलं. त्याच वर्षी जनाग्रह या संस्थेनं २३ शहरांच्या कारभाराची पाहणी जाहीर केली. त्यातही पुणं पहिलं."

"गुण किती होते?"

बाबा थांबले. त्यांना आकडा माहीत होता. आत्यालाही माहीत होता, म्हणूनच तिनं विचारलं.

"दहापैकी ५.१."

"म्हणजे वर्गात पहिला आलेला पोरगा ५१ टक्क्यांवर. पेढे वाटायचे की मास्तरांना भेटायला जायचं?"

"मास्तरांनाच भेटायचं," बाबा शांतपणे म्हणाले, "पण मास्तर मुंबईत बसतात. त्या पाहणीत खड्डे मोजलेच नव्हते. चौकट तपासली होती. शहराला स्वतःचं नियोजन करता येतं का, स्वतःचा पैसा आहे का, कामाला पुरेशी माणसं आहेत का, निवडून आलेल्यांच्या हातात काही आहे का, हिशोब लोकांपुढे येतो का. या चौकटीलाच ५.१ मिळाले. आपल्याकडे महापौर अडीच वर्षांचा. त्याला सत्कार घेता येतो, सभा चालवता येते. रस्ता खोदून पळालेल्या ठेकेदाराला नोटीस मात्र देता येत नाही. ती आयुक्त देतात, आणि आयुक्तांची बदली राज्य सरकार करतं."

"मग आपण दोघं एकच बोलतोय की."

"नाही. तुझं म्हणणं अधिकार नगरसेवकांना द्या. माझं म्हणणं, जेवढे होते त्यांचं त्यांनी काय केलं ते आधी सांगा."

इथून पुढे मी वही काढली. बाबांचा हा भाग मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण दर वेळी त्यात एखादी तारीख वाढलेली असते.

"जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ चा. वीस वर्षांनी, म्हणजे २००७ ला, सुधारित आराखडा हवा होता. प्रारूप प्रसिद्ध झालं २०१३ ला. मग हजारो हरकती. त्या ऐकायच्या, ठरवायच्या, मुख्य सभेनं मुदतीत मंजूर करून सरकारला पाठवायच्या. मुख्य सभेला ते जमलं नाही. मार्च २०१५ मध्ये सरकारनं आराखडाच काढून घेतला, विभागीय आयुक्तांची समिती नेमली, आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. २००७ ते २०२७ चा आराखडा २०१७ साली! अर्धं आयुष्य संपल्यावर बारसं. आणि या सगळ्या वर्षांत सभागृहात काय चाललं होतं? 'स' यादीत, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीत, कोणाला किती. बाकडी, कापडी पिशव्या, स्वागत कमानी आणि वर्षाअखेरी वर्गीकरणाचे प्रस्ताव."

"वर्गीकरण मीही केलंय," आत्या म्हणाली. "लाजायचं काय त्यात? अंदाजपत्रकात रक्कम पडते एका कामाला आणि वस्तीला गरज असते दुसऱ्याच कामाची. माझ्या वॉर्डात सार्वजनिक संडासाला दार नव्हतं. कुठल्या आराखड्यात असतं रे ते दार?"

बाबांना उत्तर सुचलं नाही. आराखड्यात दार नसतं, हे खरंच आहे.

"आणि एकच बाजू सांगू नकोस," ती पुढे म्हणाली. "मी सभागृहात गेले त्याच वर्षी, १९९७ ला, गावं हद्दीत आली. काही पुन्हा वगळली, २३ राहिली. त्यांच्या आराखड्यात टेकड्या वाचवायच्या म्हणून ९७८ हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकायचं ठरलं. मी तेव्हा सभागृहात नव्हते. पण जे होते त्यांच्यावर केवढा दबाव असेल, याचा अंदाज आहे मला. तरी मुख्य सभेनं २००५ ला ते मंजूर केलं. नगरसेवकांनी, दादा! मग अडलं कुठे? सरकारनं बाकीचा आराखडा मंजूर केला आणि नेमकं हे आरक्षण बाजूला ठेवलं. निर्णय आला २०१५ ला. दहा वर्षं टेकड्या मंत्रालयाच्या टेबलावर पडून होत्या, आणि पायथ्याची बांधकामं रोज एक पायरी वर चढत होती."

"निर्णय आरक्षण ठेवण्याचाच आला ना?"

"आला. जमीनमालकाला ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क. त्यावर कोण खुशीनं जमीन देणार? ताब्यात किती आली ते तूच सांग."

"फार थोडी," बाबा म्हणाले. असल्या प्रश्नांना ते खोटं उत्तर देत नाहीत. त्यांच्याशी भांडण्यात मजा येते ती त्यामुळेच.

चहा आला. चहासोबत विषय पैशावर गेला आणि तिथे फार वेळ टिकला नाही, कारण दोघांचं एकमत आहे. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं. आकडा ऐकून छाती फुगते. पण जकात २०१३ ला गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला, आणि २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईचं अनुदान येतं. पूर्वी शहराच्या वेशीवर नाका होता, आता वेस मुंबईला नेऊन ठेवली आहे, एवढं बोलून बाबांनी तो विषय संपवला. उरलेला मोठा आधार मिळकतकराचा आणि बांधकाम परवानगीच्या शुल्काचा. आत्या म्हणाली, ज्या संस्थेचं पोट इमारती वाढण्यावर भरतं, ती इमारतींना नाही म्हणेल कशी? बाबांनी मान डोलावली.

मग तिनं मुख्य विषयाला हात घातला.

"बरं, सभागृह वाईट. मान्य. १५ मार्च २०२२ ला आमची सगळी बाकडी, पिशव्या, कमानी संपल्या. मुदत संपली आणि प्रशासक आले. आजपर्यंत, म्हणजे चार वर्षांना दोन महिने कमी. कोणाचा हस्तक्षेप नाही, कोणाची वर्गीकरणं नाहीत. तुमच्या खात्याला हवं होतं अगदी तस्सं. झालं शहर निरोगी?"

"काही निर्णय वेळेत झाले."

"कुठले?"

"फायली तुंबल्या नाहीत."

"फाइल कशी तुंबेल? प्रस्ताव मांडणारे तेच, स्थायी समिती म्हणून मंजूर करणारे तेच आणि मुख्य सभा म्हणून शिक्का मारणारेही तेच. आरशासमोर उभं राहून अनुमोदन! दादा, जोतीराव फुले १८७६ ते १८८३ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. सरकारनं नेमलेले, निवडून आलेले नव्हेत. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून हजार रुपये खर्च करायचं ठरलं, तेव्हा एकट्या माणसानं विरोधात मत दिलं. ठराव मंजूर झालाच. पण नाही म्हणणारं एक माणूस त्या खोलीत होतं. या चार वर्षांत तेवढंही कोणी नव्हतं."

बाबा गप्प बसले. आत्यानं आवाज खाली आणला. तो खाली आला की मला जास्त भीती वाटते.

"गेल्या वर्षीचा जानेवारी आठव. सिंहगड रस्त्याकडची गावं. नांदेड, किरकटवाडी. माणसांच्या हातापायातली ताकद जायला लागली. जीबीएस हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला सगळ्यांनी. दोनशेच्या वर संशयित रुग्ण. काही जण गेले. ही गावं २०२१ ला महापालिकेत घेतली. वर खडकवासल्याचं धरण, साऱ्या पुण्याला पाणी पाजणारं, आणि धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या या वस्तीला विहिरीचं पाणी, नुसतं क्लोरिन मारलेलं. शुद्धीकरण केंद्र नाही. गावं घेताना ग्रामपंचायत गेली. सरपंच गेला, ज्याची कॉलर धरता येत होती. त्याच्या जागी नगरसेवक यायला हवा होता. तो आजपर्यंत आलाच नाही, कारण निवडणूकच झाली नाही. आज त्या माणसांनी महापालिकेसाठी पहिल्यांदा मत दिलं. साडेचार वर्षांनी!"

"शुद्धीकरण केंद्र नगरसेवक बांधत नाही," बाबा म्हणाले. "त्याला जागा लागते, निविदा लागते, पाच वर्षं लागतात. नगरसेवक असता तरी पाणी तेच असतं."

"असतं. पण पहिला माणूस आजारी पडल्यावर कोणीतरी सभागृहात माठ फोडला असता."

माझ्या मते इथे दोघंही बरोबर आहेत. पण माठ फोडण्याचा आवाज टेबलावर फाइल आपटण्यापेक्षा लवकर ऐकू जातो, एवढं मी आत्याच्या बाजूनं म्हणेन. पुण्याच्या सभागृहात माठ, हंडे, कंदील, सगळ्याचा वापर झालेला आहे. त्याला आपण तमाशा म्हणून हसलो. चार वर्षांत हसण्यासारखंही काही उरलं नाही.

बाबा मात्र हार मानणाऱ्यातले नाहीत.

"बरं, त्याच सिंहगड रस्त्याचं दुसरं सांग. २५ जुलै २०२४. एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं, लष्कर बोलवावं लागलं. तिथे नदीची निळी रेषा आहे, लाल रेषा आहे. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. आमच्या लोकांनी रेषा काढल्या. रेषेच्या आत घरं कशी आली? प्रत्येक वेळी नकाशावर बोट ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला फोन कोणाचा यायचा? लोकांच्या पोटावर पाय देऊ नका, असं कोण म्हणायचं? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्यानं माणसं नेली. ओढा अरुंद झाला तो काय नकाशामुळे? पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं तेव्हा मी पाळण्यात होतो, तू तर जन्मलीही नव्हतीस. पण आईनं सांगितलेलं आठवतं ना? मग स. गो. बर्व्यांच्या हाती शहर उभं करायचं काम दिलं. एक सक्षम प्रशासक. लोक अजून नाव काढतात."

"काढतातच. बर्वे होते म्हणून काढतात. दर वेळी बर्वेच येतील अशी हमी कुठल्या कायद्यात आहे? आणि त्या एकतानगरीच्या पहाटेचं म्हणशील, तर पाटबंधारे खातं म्हणत होतं आम्ही कळवलं, महापालिका म्हणत होती एवढं पाणी सोडणार असं सांगितलं नव्हतं. दोन्हीकडे अधिकारीच होते ना? फोन करायला नगरसेवक नव्हता त्या वर्षी. तरी पाणी शिरलंच. मग दोष कोणावर टाकायचा?"

यावर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला. मग अचानक म्हणाले, "जंगली महाराज रस्ता."

आत्या हसायलाच लागली, कारण हा त्यांचा हुकमाचा एक्का आहे आणि तिच्याकडे त्याच्यावरचा एक्का आहे.

"१९७६ चा रस्ता," बाबा म्हणाले. "ठेकेदारानं दहा वर्षांची हमी लिहून दिली आणि पाळली. पाण्याचा निचरा, थर, डांबराचं तापमान, सगळं नियमाप्रमाणे. अभियांत्रिकी म्हणतात ती हीच. मत मागून खड्डा बुजत नाही."

"आणि तो ठेकेदार मुंबईहून शोधून कोणी आणला? स्थायी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष, श्रीकांत शिरोळे. ऐन विशीतला नगरसेवक. पुण्याच्या रस्त्यांची त्यालाच लाज वाटली, म्हणून हमीची अट आली. खात्यातून तो प्रस्ताव वर आलेला नव्हता. दादा, रस्ता तुमचा, हट्ट आमचा."

"मग तसा दुसरा रस्ता का झाला नाही?"

"ते तू खात्याला विचार, मी सभागृहाला विचारते. दोन्हीकडून एकच उत्तर येईल बघ."

विद्यापीठ चौकाच्या पुलाचा विषय निघणार हे मला माहीत होतं. तो निघालाच. पूल साधारण २००६ ला झाला, २०२० च्या जुलैमध्ये पाडला, कारण हिंजवडी मेट्रो आणि दुमजली पूल त्यात बसेना. बाबांच्या मते हे नियोजन नसल्याचं उदाहरण. आत्याच्या मते नियोजन करणारे फार झाल्याचं. मी मोजून पाहिलं. महापालिका, पीएमआरडीए म्हणजे महानगर विकास प्राधिकरण, महामेट्रो, पीएमपी, दोन कटक मंडळं, स्मार्ट सिटीसाठी काढलेली कंपनी, पाटबंधारे, वाहतूक पोलीस. १९८७ च्या आराखड्यात ३६ किलोमीटरचा वर्तुळाकार उच्चक्षमता मार्ग होता. तो कागदावरून खाली उतरला नाही. २००६ ला देशातली पहिली बीआरटी कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर आली, आणि पुढे शहरात कुठे तिचे कठडे काढले गेले, कुठे ती नावापुरती उरली. प्रत्येक योजनेचा मालक वेगळा होता, आणि योजना आजारी पडल्यावर त्यातला एकही मालक दवाखान्यात दिसला नाही.

"२०२१ ला घेतलेल्या २३ गावांचंच घे," बाबा स्वतःहून म्हणाले, आणि हे ते आत्याच्या बाजूनं बोलले, हे आमच्या घरात वर्षातून एखाद्या वेळी घडतं. "गावं महापालिकेत आणि आराखडा करायचे अधिकार पीएमआरडीएकडे. एकानं पाणी द्यायचं, दुसऱ्यानं नकाशा काढायचा. मग २०२५ ला तो प्रारूप आराखडाच सरकारनं रद्द केला. म्हणजे इमारती उभ्या राहिल्या आणि रस्ते कुठून जाणार ते अजून ठरायचंय."

"राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १९९३ ला लागू झाली," आत्या म्हणाली. "बाराव्या परिशिष्टात शहरांच्या कामांचे अठरा विषय आहेत. त्यातला पहिलाच विषय नगरनियोजन. पहिलाच! मी निवडून आले तेव्हा ते परिशिष्ट मला तोंडपाठ होतं. पाच वर्षांत कळलं, की यादी आपल्याकडे आणि किल्ली दुसऱ्याकडे. २००९ ला कायद्यात क्षेत्रसभा आली. गावात ग्रामसभा असते तशी शहरात मतदारांची सभा. तू कधी बसलायस अशा सभेला?"

"नाही."

"मीही नाही. कारण ती कोणी घेतलीच नाही. नगरसेवकांनीही मागितली नाही, हे मी कबूल करते. आमच्या जमातीला ती नकोच होती."

हे कबूल करताना तिनं तिळगुळाची वडी तोंडात टाकली, म्हणजे पुढे कोणी काही विचारायला नको.

मग बाबांनी एक गोष्ट सांगितली. ती मी आजवर ऐकली नव्हती, आत्यानंही नव्हती. गावाचं नाव त्यांनी घेतलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही.

"नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्याच्या गावाचा आराखडा केला होता. टेबल, साखळी, उन्हात सर्वेक्षण, सगळं स्वतः. शाळेच्या मागे दोन एकर पडीक जागा होती. मुलं तिथे खेळायचीच. मी मैदानाचं आरक्षण टाकलं. इतकं सोपं आरक्षण मी पुन्हा कधी टाकलं नाही. हरकतसुद्धा आली नाही. आराखडा मंजूर झाला. मी बदलून गेलो. पुष्कळ वर्षांनी एका लग्नाला त्या गावी गेलो, सवयीनं शाळेच्या मागे चक्कर मारली. चार मजली इमारत, खाली दुकानं. चौकशी केली. दहा वर्षांत नगरपालिकेनं जागा घेतली नाही, मालकानं कलम १२७ ची नोटीस दिली, म्हणजे जागा घ्या नाहीतर सोडा, मुदतीत पैसे उभे राहिले नाहीत, आरक्षण उठलं. सगळं कायदेशीर. कोणी एक पैसा खाल्ला असेल असंही मला वाटत नाही."

"गावात कोणी ओरडलं नाही?"

"नाही."

"कोणाला माहीत तरी होतं का, की ते मैदान आहे म्हणून?"

"नकाशा लावला होता नगरपालिकेत."

"कुठे?"

बाबा जरा थांबले. "मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये."

आत्या यावर काही बोलली नाही. ती बोलली नाही याचंच मला जास्त नवल वाटलं. बाबा उठले आणि आतल्या कपाटातून गुंडाळी घेऊन आले. आमच्या भागाचा, मंजूर आराखड्यातला नकाशा. कडा पिवळ्या पडलेल्या. पोळीचं ताट सरकवून त्यांनी तो टेबलावर पसरला, एका कोपऱ्यावर तुपाची वाटी ठेवली, दुसऱ्यावर तिळगुळाचा डबा.

"हे बघ. आपला आराखडा जानेवारी २०१७ चा. त्यात पहिल्यांदा पडलेल्या आरक्षणांना २०२७ उजाडलं की दहा वर्षं भरतात. ज्या जागा तोवर ताब्यात आल्या नसतील, त्यांच्या मालकांना नोटिशीची वाट मोकळी."

"म्हणजे आज ज्यांना मतं दिली त्यांच्या हातात…"

"एक वर्ष. त्यातलंही पहिलं अंदाजपत्रक आयुक्तांच्या तयारीचं असणार. आधी महापौर, मग समित्या, मग सत्कार. मोजून नऊ-दहा महिने."

"आणि तुझ्या खात्याच्या हातात?"

"तेवढेच."

आत्यानं चष्मा चढवला. दोघांची डोकी नकाशावर वाकली. बाबा पेन्सिलीनं गोल करत गेले. इथे बाग, इथे प्राथमिक शाळा, इथे दवाखाना, इथे पार्किंग. आत्या प्रत्येक गोलाशी सांगत गेली. इथे आता गॅरेज आहे. इथे पत्रे ठोकलेत. इथे भाजीवाले बसतात, त्यांना उठवायचं नाही हं, त्यांच्यासाठीच मंडई करा. ही जागा मोकळी आहे अजून, मालक म्हातारा आहे, मुलगा परदेशी. बाबांना आरक्षणाचा क्रमांक माहीत होता आणि तिला जागेचा माणूस. शहराच्या प्रकृतीचे निर्देशांक काढणाऱ्यांनी हा एक तक्ता काढावा असं मला त्या टेबलाशी बसून वाटलं: आराखड्यातली किती आरक्षणं जमिनीवर उतरली, आणि न उतरलेल्यांचा जाब नेमका कोणाला विचारायचा. पुण्याचा पहिला नंबर त्यात टिकेल असं मला वाटत नाही.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. आमच्या प्रभागातले चौघं कोण ते इथे सांगत नाही. आत्यानं चौघांना एकच पत्र लिहिलं आहे आणि त्याची प्रत क्षेत्रीय कार्यालयाला दिली आहे. त्यात अभिनंदनाची एक ओळ, खाली आरक्षणांची यादी, प्रत्येकापुढे क्रमांक आणि आज जागेवर काय आहे ते. शेवटी प्रश्न: चौघांपैकी कोणती जागा कोण बघणार? अजून उत्तर आलेलं नाही. पुण्यात असे ४१ प्रभाग आहेत. जुन्या हद्दीतल्या वाचकांनी आपल्या भागाचा नकाशा काढून बघावा, तो महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळतो, आणि आपलं पत्र या वर्षातच पाठवावं.